न वाचलेली पाने

माझ्या आजीची गुरुचरित्राची पोथी आता माझ्याकडे आहे. लाल कापडात बांधलेली, कडा झिजलेली. उघडली की ती आपोआप चौदाव्या अध्यायाशी उलगडते. त्या पानांवर तेलाचे आणि हळदीचे डाग आहेत, खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा काळपट ठसा आहे. पन्नासहून अधिक वर्षे रोज दिवेलागणीला तो अध्याय वाचला गेला, त्याची ही खूण. एकतिसावा आणि बत्तिसावा हे अध्याय मात्र छापखान्यातून आले तसेच आहेत. मी ते पहिल्यांदा उघडले तेव्हा पाने एकमेकांना चिकटलेली होती.

तिसाव्या अध्यायात सुरू झालेली माहूरच्या एका तरुण स्त्रीची कथा त्या दोन अध्यायांत पुढे जाते. क्षयाने खंगलेल्या नवऱ्याला घेऊन ती मोठ्या आशेने गाणगापूरला येते आणि तिथे पोचताच तो मरतो. मग एक तपस्वी तिला स्त्रीचा धर्म सांगतो: पतिव्रतेने कसे राहावे, सहगमनाचे पुण्य किती, आणि जी मागे राहील तिने केसांचे काय करावे, काय खावे, कशावर निजावे. पुढे गुरूंच्या कृपेने तिचा नवरा उठून बसतो. करुणा आणि कठोरपणा इतके शेजारी शेजारी मी दुसरीकडे क्वचितच पाहिले आहेत.

माझी आजी सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली. तिने केस ठेवले, शिवणकाम करून तीन मुलांना शिकवले आणि दर दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीला जाण्याचा नेम सोडला नाही. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये असे सांगणारी माणसे घरातच होती. तिने त्यांचे ऐकून घेतले आणि वाचत राहिली. मी कॉलेजात असताना एकदा तिला विचारले, "आजी, तू बत्तिसावा अध्याय का गं वाचत नाहीस?" पोथी कापडात बांधता बांधता ती म्हणाली, "तो माझ्यासाठी नाही गं."

हे पुस्तक त्या एका वाक्याचा पाठपुरावा आहे.

आजीची श्रद्धा अर्धी होती असे तिला ओळखणारे कोणीही म्हणणार नाही. तरी तिने पोथीतले काही घेतले आणि काही सोडले. अशा माणसाला दोन बाजूंनी बोलणी बसतात. एक बाजू म्हणते, मानायचे तर सगळे माना. देवाच्या शब्दात निवड करणारे तुम्ही कोण? दुसरी म्हणते, एक अध्याय चुकीचा वाटतो ना, मग सगळी पोथीच बाजूला ठेवा. उरलेल्याला कवटाळून बसणे हा दुबळेपणा आहे. या दोघांचे एका गोष्टीवर एकमत असते: ग्रंथ म्हणजे एकच अखंड शिळा, उचलायची तर सगळी, टाकायची तर सगळी. आपल्या परंपरेने ग्रंथ असा कधी वाचलाच नाही, हे या पुस्तकातल्या पहिल्या चार लेखांचे म्हणणे आहे.

धर्मशास्त्रापासून सुरुवात करू, कारण निवडीला सर्वांत कडक विरोध तिथेच असेल असे आपण धरून चालतो. मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती या दोन्ही ग्रंथांनी धर्माची मुळे सांगताना श्रुती, स्मृती आणि सदाचार यांच्या पंगतीला आणखी एक गोष्ट बसवली आहे: स्वतःच्या अंतःकरणाचे समाधान. शेवटच्या पाटावर का होईना, पण ते पंगतीत आहे. शास्त्राने सांगितलेली गोष्टही लोकांना तिटकारा आणणारी असेल तर आचरू नये, असेही याच स्मृती म्हणतात. कल्याणच्या चालुक्यांच्या राज्यात मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने या वचनाचा उपयोग रोकड्या व्यवहारात केला. वडिलांच्या मिळकतीत थोरल्या मुलाला जास्त वाटा द्यावा असे वचन शास्त्रात होते. वचन आहे हे त्याने नाकारले नाही. लोकांनी ते टाकले आहे, म्हणून वाटण्या समान करा, असा निर्णय दिला.

याहून मोठी सोय म्हणजे कलिवर्ज्य. पूर्वीच्या युगात चालत होते, कलियुगात चालणार नाही, अशा गोष्टींच्या याद्या मध्ययुगातल्या निबंधकारांनी केल्या. अश्वमेध, मधुपर्कात पाहुण्यासाठी गाय मारणे, श्राद्धातले मांस, दिरापासून पुत्र: हे सारे ग्रंथात होते आणि या याद्यांनी ते बाद केले. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास लिहिलेला धर्मसिंधू महाराष्ट्रातल्या भिक्षुकांच्या घरोघरी असे. त्यातही कलिवर्ज्ये आहेत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. तो वाचताना एक गोष्ट पानोपानी जाणवते: ज्याला आपण सनातन म्हणतो, त्यात प्रत्येक शतकाने काही ठेवले, काही वगळले.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. निवड झाली म्हणजे माणुसकीच्याच बाजूने झाली असे नाही. ज्या कलिवर्ज्यांनी गाय वाचवली, त्यांनीच विधवेच्या पुनर्विवाहाची वाट बुजवली, समुद्रप्रवास बंद केला, जातीबाहेरचे लग्न निषिद्ध ठरवले. एकोणिसाव्या शतकातल्या विधवाविवाहाच्या वादात हे लखलखीत दिसते. सुधारकांचा आधार पराशरस्मृती हा होता. पती नाहीसा झाला, मेला, संन्यासी झाला तर स्त्रीला दुसरा पती करता येतो, असे तिथे सांगितले आहे. त्याला लागूनच, विधवेने ब्रह्मचर्याने राहावे हे थोर आणि सहगमन करावे हे त्याहून थोर, असेही सांगितले आहे. एकाच पानावरची वचने, आणि दोन पक्षांनी त्यांतली आपापली उचलली. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर या प्रश्नावर वाद झाला आणि निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. त्या सभेतले दोन्हीकडचे पंडित निवडच करत होते. फरक इतकाच की एक पक्ष ती करतो आहे हे सर्वांना दिसत होते, आणि दुसरा आपल्या निवडीला परंपरा म्हणत होता.

म्हणून "निवड करावी की नाही" हा प्रश्न मी या पुस्तकात फार चघळलेला नाही. निवड प्रत्येक जण करतो. सगळे शब्द सारखेच प्रमाण मानतो असे म्हणणाऱ्यानेही अश्वमेध केलेला नसतो. खरा प्रश्न, ती निवड कशी करायची, हा आहे.

त्याचे उत्तर शोधताना मला संतांनी फार मदत केली. ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशात सांगितली गेली. तिच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेव वेदाविषयी जे बोलतात, ते आजही धीर एकवटून वाचावे लागते. वेद संपन्न आहे, पण त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही, कारण तो तीन वर्णांच्याच कानाशी लागला; स्त्रिया, शूद्र बाहेर राहिले; हे उणे भरून काढण्यासाठी तोच वेद गीतेच्या रूपाने पुन्हा प्रकटला, असा त्या ओव्यांचा आशय आहे. वेदांवर अपार प्रेम असलेला माणूस वेदाचा दोष सरळ नाव घेऊन सांगतो. दोष लपवत नाही आणि त्या दोषापायी प्रेमही आवरत नाही.

त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, १५८४ मध्ये, पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लोकांनी मध्ये घुसवलेल्या ओव्या त्यांनी काढल्या आणि शेवटी बजावून ठेवले की यापुढे जो आपली ओवी यात घालील, तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील. नाथांना हा ग्रंथ मनापासून पटत होता, तरी त्याचा पाठ आपल्या सोयीने वळवायला त्यांनी बंदी घातली. वाचकाला निवड करण्याचा अधिकार आहे, पाठ बदलण्याचा नाही, हा धडा मी नाथांकडून घेतला. आपल्याला खुपणारे वचन "नंतर कोणीतरी घुसडले असेल" असे म्हणून झटकून टाकण्याची सवय आपल्यात फार आहे. असेलही घुसडलेले, पण ते हस्तलिखितांनी ठरवायचे, आपल्या अवघडलेपणाने नाही.

हे काम कसे करतात, ते पुण्याने जगाला दाखवले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. वि. सी. सुखटणकर आणि त्यांच्या मागून आलेल्या संपादकांनी बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली. या कसोटीत, व्यासांचा लेखक म्हणून गणपती बसतो ती कथा मूळ संहितेबाहेर गेली. भर सभेत द्रौपदीने कृष्णाचा धावा केला, तोही बाहेर गेला. हे दोन्ही प्रसंग आपल्या कीर्तनांत, चित्रांत, आयांच्या गोष्टींत मुरलेले आहेत. संपादकांनी ते संहितेतून काढले, पण फेकले नाहीत. प्रत्येक गाळलेली ओळ पानाच्या तळाशी किंवा परिशिष्टात, कोणत्या हस्तलिखितात ती सापडते त्या नोंदीसह छापली. आजीने धान्य निवडताना खडे अंगणात भिरकावले, तर ते गेले. पोथीतला श्लोक असा जात नाही. तो तिथेच राहतो आणि पुढच्या वाचकाच्या हाती लागतो. म्हणून गाळलेले तळटिपेत दिसत राहिले पाहिजे. मला वाटते, प्रत्येक श्रद्धावान वाचकाने आपल्या मनातल्या पोथीला अशा तळटिपा ठेवाव्यात.

आता या पुस्तकावर घेता येईल असा सर्वांत गंभीर आक्षेप. तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. पुढे १९३६ मध्ये त्यांनी जातिनिर्मूलनावरचे आपले न झालेले भाषण छापले, तेव्हा गांधीजींनी 'हरिजन'मधून त्याला उत्तर दिले. शास्त्र म्हणजे शाश्वत सत्ये. जे बुद्धीला आणि सदसद्विवेकाला पटत नाही ते देवाचे वचन मानता येत नाही, हा गांधीजींचा सूर होता. म्हणजे ते निवडीच्या बाजूने उभे होते. बाबासाहेबांनी प्रत्युत्तरात विचारले ते थोडक्यात असे: सामान्य माणूस मूळ कोणते आणि प्रक्षिप्त कोणते हे पाहत बसत नाही; त्याला शास्त्र म्हणून जे सांगितले गेले, ते तो पाळतो. संताने स्वतःपुरता चांगला अर्थ काढला म्हणून गावाची विहीर खुली होत नाही. शास्त्राच्या प्रामाण्यालाच हात घातला पाहिजे.

हा आक्षेप मी अनेक वर्षे पुस्तकातला म्हणून वाचला. मग तो आमच्या घरात घडलेला मला आठवला. माझी आत्या, आजीची मुलगी, ऐन तिशीत विधवा झाली. तेराव्याच्या दिवशी घरातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी गुरुचरित्राचा दाखला देऊन तिला कुंकू, बांगड्या, हळदीकुंकवाला जाणे, शुभकार्यात पुढे होणे, सगळ्याचे नियम सांगितले. दाखला त्याच बत्तिसाव्या अध्यायाचा होता. आजी तिथेच भिंतीला टेकून बसली होती. जो अध्याय तिने स्वतःसाठी कधीच बाद केला होता, तो तिच्या लेकीला लावला जात होता, आणि ती काही बोलली नाही. आत्याने पुढची कितीतरी वर्षे ते नियम पाळले.

आजीवर माझे जितके प्रेम आहे तितक्याच प्रेमाने मी हे लिहिते आहे: तिच्या निवडीने तिचे आयुष्य सावरले, तिच्या मौनाने लेकीचे आयुष्य अडवले. मनातल्या मनात केलेली निवड फक्त आपल्याला वाचवते. उरलेले पान पोथीत तसेच राहते आणि ज्याला ते वापरायचे आहे त्याच्या कामी येते. बाबासाहेबांचे म्हणणे मला तेव्हा पुरते कळले. निवड उघड केली नाही, तर ती शास्त्राच्या जुलमाला हातभारच लावते.

महात्मा फुल्यांनी या बाबतीत जराही आडपडदा ठेवला नाही. त्यांनी ग्रंथांचे प्रामाण्य झुगारले, पण निर्मिकावरची श्रद्धा कधी सोडली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी असे कुटुंब कल्पिले आहे, ज्यात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असून सगळे गोडीने नांदतात. विनोबांची वाट वेगळी. मनुस्मृतीतून निवडक वचने घेऊन त्यांनी 'मनुशासनम्' केले, कुराणाचे आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांचे सार काढले. या शेवटच्या दोन पुस्तकांना त्यांनी 'सार' असेच नाव दिले. हा सगळा ग्रंथ नाही, मी निवडलेला भाग आहे, हे मुखपृष्ठावरच सांगितले. आणि खुद्द बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटी जो ग्रंथ लिहिला, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', तोही निवडीचाच आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही रूढ कथा त्यांनी बाजूला ठेवली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात पेटलेला तंटा हे कारण पुढे आणले. रूढ कथा का पटत नाही ते प्रास्ताविकात लिहिले, आणि बुद्धवचन ओळखण्याची कसोटीही दिली: ते बुद्धीला धरून आणि माणसाच्या हिताचे असले पाहिजे. विनोबा आणि बाबासाहेब यांची मनुस्मृतीबद्दलची मते दोन टोकांची आहेत. पण आपण काय घेतले, काय सोडले आणि का, हे दोघांनीही वाचकापासून लपवले नाही. मी महाडच्या बाजूची आहे. तरी हा उघडेपणा मी दोघांकडून शिकले.

शेवटची शंका श्रद्धेविषयी आहे आणि ती माझ्याच मनातली आहे. निवडणारी मी, कसोटी माझी, मग डोके कोणापुढे टेकते? स्वतःच्या आवडीपुढेच का? यावर मला एकच खूण सापडली आहे. निवडलेली वचने फक्त गोंजारत असतील, तर ती श्रद्धा नव्हे, करमणूक आहे. ज्याने अवघड वाटणारे, आपल्याकडून काही मागणारे वचनही ठेवले आहे, त्याचीच निवड खरी. फळाची आस सोडून काम करणे मला अजून जमत नाही. म्हणून ते मी ठेवले आहे. दुष्टांचा नाश न मागता त्यांच्यातला दुष्टावा जावो असे मागणारे पसायदान मला दर वेळी अडवते. म्हणून तेही ठेवले आहे.

आणि आवडते पानही तपासून घ्यावे लागते. आजीचा चौदावा अध्याय मीही आता वाचते. सायंदेवाला क्रूर राजाचे बोलावणे येते, मृत्यू समोर दिसत असतो, आणि गुरू त्याला अभय देतात. भीतीने हात गार पडले असताना त्या ओव्यांनी मला उभे केले आहे. पण त्या कथेतला क्रूर राजा यवन आहे, आणि क्रौर्य व यवन हे शब्द वाचणाऱ्याच्या मनात एकमेकांना चिकटू शकतात. म्हणून मुलीला तो अध्याय वाचून दाखवताना मी थांबते आणि सांगते की ही एका राजाची गोष्ट आहे, एका धर्माची नाही. त्याने अध्यायाचे बळ कमी झालेले मला जाणवले नाही.

या पुस्तकाचे पुढचे लेख याच क्रमाने जातात: आधी स्मृती आणि निबंधग्रंथ, मग संत, मग चिकित्सक आवृत्ती, मग फुले, आंबेडकर, विनोबा, आणि शेवटी घरातल्या पोथ्या. कोणाची श्रद्धा सुटावी किंवा कोणाला ती जडावी, यासाठी मी लिहिलेले नाही. देव्हाऱ्यासमोर बसताना एखाद्या ओळीशी ज्यांचा आवाज अडखळतो आणि ते कोणाला सांगता येत नाही, त्यांच्यासाठी लिहिले आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात, सगळे सांगून झाल्यावर, कृष्ण अर्जुनाला म्हणतो की यावर काहीही बाकी न ठेवता विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. आपण दुसरा अर्धा भाग आनंदाने घेतो. पहिल्या अर्ध्यात 'अशेष' हा शब्द आहे, तो विसरतो. निवडीचा अधिकार सगळे वाचणाऱ्याला आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या घरातली पोथी काढा. कोणती पाने हाताळून मऊ झाली आहेत आणि कोणती कोरी राहिली आहेत, ते पाहा. कोरी पाने एकदा पूर्ण वाचा. जे टाकायचे ठरवाल ते घरातल्या माणसांसमोर, विशेषतः लेकीसुनांसमोर, मोठ्याने सांगा: हे आमच्या पोथीत आहे, आम्ही ते मानत नाही, आणि कोणी तुम्हाला ते लावू पाहील तर आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू. मग निवांत दिवा लावा आणि आपला अध्याय वाचा.